सौद्याच्या आधी उघडलेली फाईल

हे मी बायकोजवळसुद्धा बोललो नाही. झोपेत बरळलो असेन तर माहीत नाही; तिनं तसं कधी ऐकवलं नाही. देवापुढं उभा राहतो तेव्हाही हा एक विषय सोडून बाकी सगळं बोलतो. आज तुमच्यापुढं बोलून राहिलो, त्याला काही मोठं कारण नाही. पश्चात्ताप वगैरे फार भारी शब्द झाले. मला कंटाळा आलाय हो. एवढी वर्षं एकच गोष्ट पोटात धरून बसायचा कंटाळा — कळतंय का तुम्हाला, मी काय म्हणतो ते?

मी नांदेडला एका खाजगी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो. ऑपरेटिंग सिस्टिम हा माझा विषय. वर्गात पुस्तकी बोलतो, पण हे सांगताना उदगीरकडची घरची बोली तोंडात येणार, तेवढी चालवून घ्या. विषय कोरडा आहे, पोरं जांभया देतात, मला त्याचं काही वाटत नाही. पण दरवर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर एक धडा येतो — फाईलची परवानगी कर्नल कशी तपासतो — आणि तो जवळ आला की मला अन्न गोड लागत नाही. बायको म्हणते, पित्त झालंय. मी म्हणतो, हाव, पित्तच.

आधी तो धडाच सांगतो. भिऊ नका, अवघड काही नाही. कर्नल म्हणजे मशीनच्या पोटातला कारभारी. तुम्ही पडद्यावर जे बघता ते सगळं त्याच्या हाताखालून येतं. प्रत्येक फाईलपाशी नोंदलेलं असतं — ही कुणी वाचायची, हिच्यात कुणी लिहायचं, कुणी हातसुद्धा लावायचा नाही. कुणी फाईल उघडायला गेलं की कर्नल त्याला अडवतो. तू कोण? तुला हक्क आहे का? असेल तर ये, नसेल तर चालता हो. तिथं वशिला चालत नाही. मला तरुणपणी या गोष्टीचं लई वेड होतं. आमच्या भागात 'अमक्याचा भाचा' म्हटलं की कुठलंही दार उघडतं, आणि इथं एक असा कारभारी होता की जो कुणाच्याच मामाला ओळखत नव्हता.

बघा, मामाचा विषय आलाच. किती टाळलं तरी येतोच.

माझे वडील लवकर गेले. मामानं मला त्याच्या घरी आणलं, शिकवलं, आणि मामीनं स्वतःच्या पोरांच्या आधी माझ्या ताटात भाकरी वाढली. मामा तुरीचा मोठा खरेदीदार. पांढरंशुभ्र धोतर, गळ्यात चांदीच्या करंड्यातलं इष्टलिंग, आणि आवाज असा की मोंढ्याच्या, म्हणजे धान्याच्या बाजाराच्या, या टोकाला बोलला तर त्या टोकाच्या हमालानं पोतं खाली ठेवावं. कुठला मोंढा ते सांगत नाही. लातूर-नांदेडच्या मधला एक, एवढं पुरे. ती माणसं अजून तिथंच आहेत. मामाचे उपकार मी ढाल म्हणून पुढं करत नाहीये. किंवा — थांबा — करतही असेन. मलाच आता माझं खरं वाटत नाही.

त्या मोंढ्यात पूर्वी सौदा रुमालाखाली व्हायचा. तुम्ही बघितलाय का कधी? ढिगाभोवती खरेदीदार कोंडाळं करून उभे राहायचे. शेतकऱ्याचा माल विकून देणारा अडत्या हातावर रुमाल टाकायचा आणि एकेक जण त्या रुमालाखाली हात घालून अडत्याची बोटं दाबायचा. जशी बोटं, तसा भाव. तोंडानं कुणी चकार शब्द काढायचा नाही. कुणी काय भाव दिला ते फक्त त्या दोन हातांना मालूम. आणि मामा काय करायचा? मामा लोकांची कोपरं बघायचा. अडत्याच्या भुवया बघायचा. रुमालाखालचं त्याला रुमालावरूनच कळायचं. याला मोंढ्यात कुणी चोरी म्हणत नव्हतं. मामाला सगळे अप्पा म्हणत, आणि कौतुकानं म्हणायचे, अप्पाच्या डोळ्यात भिंग आहे.

मग व्यापाऱ्यांच्या मंडळाला रुमाल नकोसा झाला. नवी पोरं गादीवर बसायला लागली होती, त्यांना सगळं फोनवर पाहिजे होतं. मंडळानं मला बोलावलं — अप्पाचा भाचा, घरचाच माणूस, कॉम्प्युटर शिकवतो. मी सुट्टी काढून, जीव ओतून ते काम केलं. ज्यानं त्यानं आपल्या फोनवरून बोली टाकायची. सगळ्या बोल्या एका फाईलमध्ये पडणार. सौदा संपल्याची घंटा होईपर्यंत बोली वाढवता येईल, पण ती फाईल वाचायची परवानगी कुणालाच नाही. मला सुद्धा नाही. मशीनचा मुख्य पासवर्ड मी लखोट्यात घातला, वर लाख लावली, आणि भर सभेत अध्यक्षांच्या हातात दिला. टाळ्या पडल्या. मामा पुढच्या खुर्चीत बसून धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत होता.

आणि मग मामा हरायला लागला. रोज नाही, पण हरायला लागला. सवयीनं ढिगाजवळ जाऊन उभा राहायचा, लोकांच्या कोपरांकडं बघायचा, आणि ती कोपरं फोन धरून बसलेली असायची. ज्यांनी कधी त्याच्यापुढं मान वर केली नव्हती ती माणसं त्याच्या देखत ढीग उचलून न्यायला लागली. मी शनिवार-रविवारी गेलो की तो हसून बोलायचा, पण एकदा जेवताना म्हणाला, "भाच्या, तू माझे डोळेच काढून घेतलेस की रे." रागानं नाही म्हणाला. रागानं म्हणाला असता तर बरं झालं असतं.

इथून पुढची गोष्ट मी मनात एका पद्धतीनं रचून ठेवली होती. मामानं गळ घातली. उपकाराची आठवण करून दिली. मामी रडली. मी तरी काय करणार? छान रचली होती हो, कुठं पकडलो गेलोच तर सांगायला. इतकी घोकली की मला ती खरीच वाटायला लागली होती.

पण तसं काही झालं नाही. मामानं काहीसुद्धा मागितलं नाही. फाईल म्हणजे पुठ्ठ्याची, एवढंच त्याला माहीत. जेवण झालं होतं, तो पानाला चुना लावून राहिला होता, आणि मीच म्हणालो — "मामा, एक वाट हाय."

का म्हणालो? प्रेमापोटी? होतं, थोडं प्रेम होतं. पण त्याहून जास्त हे होतं की मला जे येतं ते या माणसाला दाखवायचं होतं. वर्गातल्या पोरांना पास होण्याशी मतलब, सोबतच्या मास्तरांना पगाराशी. माझी हुशारी बघायला कुणीच नव्हतं. ज्याच्या डोळ्यात भिंग आहे असं लोक म्हणायचे त्याला मला सांगायचं होतं की माझ्याही डोळ्यात आहे. बस्स, एवढंच. इतकं हलकं कारण होतं.

वाट अशी होती. कर्नल परवानगी तपासतो ती फाईल उघडताना. एकदा आत घेतलं की पुढं तो तुम्हाला हटकत नाही. जत्रेतल्या तंबूच्या दारावर तिकीट बघतात ना, तसं. तुम्ही आत जाऊन सतरंजीवर बसलात, आणि मग बाहेर हुकूम निघाला की आता कुणालाच आत सोडायचं नाही, तर बाहेरचे बाहेर राहतात. तुम्हाला कोण उठवतंय? आमच्या त्या फाईलमधल्या आदल्या दिवसाच्या बोल्या रोज सकाळी पुसायच्या असायच्या. तेवढ्यापुरती माझ्या नावाला परवानगी होती, पुसून झालं की ती काढून घेतली जायची. मी एक चिमुकला प्रोग्राम लिहिला. तो त्या फटीत रोज आपोआप आत शिरायचा, फाईल उघडायचा आणि गप बसून राहायचा. मग परवानगी जायची, दार लागायचं. पण हा आतच. पडेल ती बोली वाचायचा आणि त्यातली सगळ्यात मोठी मामाच्या मुनिमाच्या फोनवर पाठवायचा. मुनीम घंटेच्या तोंडावर तिच्यावर एक रुपया चढवायचा.

कर्नलला विचाराल तर तो म्हणेल, सगळं रीतसर झालं. त्यानं त्याचं काम इमानानं केलं होतं.

मामाला मी हे समजावून सांगितलं. त्यानं पान गालात सरकवलं. मग विचारलं, "म्हंजे हे रुमालासारखंच हाय ना रे? त्यात काई वाईट न्हाई ना?" आणि मी म्हणालो, "हाव मामा. तसंच हाय." तो विचारत होता. त्याला खरंच माहीत नव्हतं आणि तो मला विचारत होता, कारण शिकलेला मी होतो. त्याचं कोपर बघणं आणि माझं हे — यात काय फरक आहे, हे मला चांगलं कळत होतं. कोपर तर कुणीही बघू शकत होतं.

आता महानंदाताईंचं सांगतो. सांगायचं जिवावर आलंय, पण त्यांच्याशिवाय ही गोष्टच नाही.

त्यांच्या घरची छोटी डाळमिल होती. नवऱ्याला लकवा मारला, तो अंथरुणाला खिळला, आणि मिल यांच्यावर आली. तूर ओळखण्यात बाई पक्की होती. दाणा दाताखाली धरून सांगायची, डाळ किती उतरेल ते. पण रुमालाच्या दिवसांत त्यांना सौद्यात उतरताच येत नव्हतं. परक्या पुरुषाच्या हातात रुमालाखाली हात कसा द्यायचा बाईनं? दिराला पाठवायच्या, आणि तो कुणाशी तरी संधान बांधून कसलाही माल गळ्यात मारून आणायचा. माझं मशीन आलं आणि ही बाई पहिल्यांदा स्वतः ढिगापाशी येऊन उभी राहिली. पहिला ढीग मिळाला त्या दिवशी मला फोन केला. पुढच्या वेळी गेलो तर पेढे घेऊन मामाच्या घरी आल्या. "शरणार्थ सर," असा आमच्यातला नमस्कार घालून म्हणाल्या, "तुमच्या मशीननं मला मोंढ्यात उभं केलं." मी पेढा खाल्ला.

तो चिमुकला प्रोग्राम चालू झाला त्याच्या आधीची ही गोष्ट, असं मी स्वतःला सांगत आलोय. खरं तर नीट आठवत नाही. नंतरचीही असेल.

मग त्या हरायला लागल्या. एका रुपयानं. मोठे व्यापारी हरले तरी दुसरा ढीग बघत, त्यांना काय फरक पडतो? पण छोट्या मिलला चांगली तूर लागते आणि रोज लागते, आणि चांगल्या तुरीवर मामाचाही डोळा. एका रुपयानं, पुन्हा एका रुपयानं. आधी त्या हसून म्हणायच्या, माझं नशीबच रुपयानं कमी. मग हसणं बंद झालं. मिल निम्मी बंद राहायला लागली. मिलवरच्या बायकांना त्यांनी घरी बसवलं. मला हे सगळं मालूम होतं. मामाच्याच घरी जेवताना कुणी ना कुणी बोलायचं, आणि मी ताटात बघून जेवायचो.

पुढं त्यांनी जे केलं ते ऐका. एक ढीग आला होता — भिजलेला, वास मारणारा, कुणी जनावरालाही घातला नसता. महानंदाताईंनी त्या ढिगावर चांगल्या तुरीची बोली टाकली. केवढा जुगार! कुणी वर गेलं नसतं तर तो सडका माल त्यांच्याच गळ्यात पडला असता आणि मिल त्याच दिवशी बुडाली असती. मामा त्या दिवशी गादीवर होता, ढिगापाशी नव्हता. मुनिमानं ढीग बघितलाच नाही. त्याच्या फोनवर आकडा आला, त्यानं रुपया चढवला. घंटा झाली आणि तो सडका ढीग मामाच्या नावावर पडला. अख्खा मोंढा हसला. अप्पाला तूर कळेना झाली म्हणून हसला. हसल्या नाहीत त्या फक्त महानंदाताई. त्या सगळ्यांच्या मधोमध उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "माझी बोली कुणीतरी वाचून राहिलंय."

मोंढ्यात माणसाचा शब्द म्हणजे सगळं काही असतं. शब्दावर माल उचलतात, शब्दावर सोडतात. बाईनं अप्पावर, मंडळावर, सगळ्या सौद्यावर आळ घेतला होता. मंडळाची बैठक ठरली आणि मला निरोप आला — येऊन काय ते दाखवा.

मामाचाही फोन आला. तो फक्त एवढंच म्हणाला, "तुझं तू बघ बाबा." धमकी नव्हती, विनवणी नव्हती. मी नांदेडहून एसटी धरली. अहमदपूरच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा खाली उतरून चहा घेतला आणि समोर नांदेडला परत जाणारी गाडी लागलेली दिसली. मी त्या गाडीकडं बघत चहा संपवला. पळून जायचं का? की जाऊन खरं सांगायचं? दोन्ही जमलं असतं. सांगितलं असतं तर काय झालं असतं — मामाची मान खाली गेली असती, माझी नोकरी कदाचित गेली असती, आणि एका बाईची मिल वाचली असती. हिशोब इतका सोपा होता. कंडक्टरनं घंटी मारली आणि मी परत माझ्याच सीटवर जाऊन बसलो.

मंडळाच्या खोलीत गर्दी झाली होती. एका कोपऱ्यात मशीन, वर पंखा घरघरतोय. तो दिवस नेहमीसारखाच होता, म्हणजे सकाळी माझा प्रोग्राम नेहमीसारखा आत जाऊन बसलेला होता. हे मला माहीत होतं. त्याला आधी बंद करून यावं हेसुद्धा मला सुचलं नाही. की सुचलं, आणि गरज वाटली नाही? मला खात्री होती हो. कर्नलवर एवढी खात्री होती. सौदा चालू केला, दोन-चार जणांनी फोनवरून बोल्या टाकल्या, आणि मी अध्यक्षांना म्हणालो, लखोट्याची लाख बघून घ्या. त्यांनी बघितली, जशीच्या तशी. मग म्हणालो, मी कशाला दाखवू? ताईंनाच दाखवू दे.

महानंदाताईंना मी खुर्चीत बसवलं. मी अक्षरं सांगत गेलो आणि त्या एकेका बोटानं ती शोधून दाबत गेल्या. फाईल उघडायचा हुकूम होता तो. शेवटचं बटण दाबलं. पडद्यावर इंग्रजीत एक ओळ आली आणि मी तिचा अर्थ मोठ्यानं सांगितला — परवानगी नाकारली. मग माझ्या नावानं करायला लावलं. नाकारली. अध्यक्षांच्या नावानं. नाकारली. खोलीतली माणसं हसायला लागली. कुणीतरी म्हणालं, "आता तरी शक फिटला का बाई?" त्या खुर्चीतून उठल्या.

मी खोटं काहीच बोललो नव्हतो. पडद्यावरचं अक्षर न् अक्षर खरं होतं. दार लागलेलं होतं, आणि कर्नल खरंच कुणाला आत सोडत नव्हता. फक्त आत आधीपासून कोण बसलंय ते कुणी विचारलं नाही. ते बघायचा हुकूम वेगळा आहे, एका ओळीचा. मला तो पाठ आहे. मी तो दर वर्षी पोरांना शिकवतो.

त्यानंतर मी तो प्रोग्राम काढून टाकला. मामानं का म्हणून विचारलं नाही. पण त्यानं काय होणार होतं? महानंदाताईंचा शब्द गेला होता. कुणी अडत्या त्यांना दोन दिवसांच्या उधारीवरसुद्धा माल सोडेना. 'शकी बाई' म्हणून नाव पडलं. ज्यांनी आपली बोली कुणी वाचतंय असं कधीतरी मनात आणलं असेल, तेसुद्धा आता त्यांच्यावर हसायला लागले. मिल विकली. नवऱ्याला आणि मुलीला घेऊन त्या लातूरला गेल्या आणि क्लाससाठी आलेल्या पोरांची खानावळ चालवायला लागल्या. पुढं मामाही वारला. शेवटपर्यंत त्याला ते रुमालासारखंच वाटत होतं का? मी कधी विचारलं नाही. त्याचा शेवटचा दिवस आला तेव्हाही मी त्याच्या पायांशी बसून होतो, आणि नाही विचारलं.

संपलं असतं इथंच. पण काही वर्षांनी कॉलेजचं नवं सत्र सुरू झालं तेव्हा पहिल्या बाकावर एक मुलगी येऊन बसली. हजेरी घेताना आडनाव वाचलं आणि मान वर करून बघितलं. महानंदाताईंची लेक, राजेश्वरी. त्याच आठवड्यात ताईंचा फोन आला. "सर, तुम्ही हायेत म्हणूनच तिला नांदेडला टाकलं. बाकी कुणावर भरवसा न्हाई." मी म्हणालो, काळजी करू नका.

दिवाळीनंतर तो धडा आला. फळ्याकडं तोंड करून मी शिकवत होतो — कर्नल विचारतो, तू कोण, तुला हक्क आहे का. पोरगी भराभर लिहून घेत होती. आणि जिथं सांगायचं की ही तपासणी फक्त उघडताना होते, एकदा उघडलेली फाईल नंतर परवानगी काढली तरी उघडीच राहते — तिथं मी थांबलो. खडू ठेवला. पुढचा धडा सुरू केला. त्या वर्षी मी ते शिकवलंच नाही. एका मुलीला कळू नये म्हणून अख्ख्या वर्गाला ते न कळता पुढं ढकललं. मास्तर म्हणवतो मी स्वतःला. थू!

ती आता पुण्याला कॉम्प्युटरच्या याच कामात आहे. तेव्हा ते तिला आज माहीत असणारच. त्या कामात ते माहीत नसून चालत नाही. आईचं ते जुनं प्रकरण आणि हे, तिनं कधी जोडून बघितलं असेल का? माहीत नाही. गुरुपौर्णिमेला तिचा निरोप येतो — सर, तुमच्यामुळं. पुढं हात जोडल्याचं चित्र. मी तो वाचतो आणि फोन पालथा ठेवतो.

बैठकीच्या दिवसाचं एक सांगायचं ठेवलंय. मघाशी ते मुद्दाम गाळून पुढं गेलो होतो.

लोक पांगल्यावर मी बाहेर रांजणापाशी पाणी पीत होतो. महानंदाताई पायऱ्या उतरून आल्या. मला वाटलं, आता काहीतरी बोलणार, शिव्या देणार. दिल्या असत्या तर मी त्या घेतल्या असत्या, खालमानेनं घेतल्या असत्या. पण त्यांनी पदर सारखा केला आणि माझ्यापुढं हात जोडले. "माफ करा सर," म्हणाल्या. "ज्या मशीननं मला उभं केलं, तिच्यावरच मी शक घेतला. तुमच्यावर घेतला. घरच्या कटकटीनं माझी मतीच फिरली होती." त्यांच्या डोळ्यात पाणी होतं. आतल्या खोलीत मशीन चालू होतं, पंखा घरघरत होता, आणि माझा तो प्रोग्राम अजून फाईल उघडून बसलेला होता.

माझ्या हातात पाण्याचा गडू होता. तो मी खाली ठेवला. म्हणालो, "असू द्या ताई. माझ्या मनात काही न्हाई."

असं म्हणून मी त्यांना माफ केलं.